सरकारी शिक्क्याची श्रीमंती

माननीय तहसीलदारसाहेब,

आमच्या लेकीच्या, भाग्यलक्ष्मीच्या, इंजिनिअरिंगची फी माफ व्हावी म्हणून मी आपल्याकडे उत्पन्नाचा दाखला मागितला होता. आमच्या यजमानांचा पगार मर्यादेच्या जरासा वर निघाला. आपले कारकून म्हणाले, "अम्मा, तुम तो अमीर लोगां में आते. माफी नक्को पूछो." लग्नापासून माझ्या माहेरच्यांना जे पटलं नाही, ते आपण शिक्का मारून मान्य केलंत!

मग श्रीमंतांच्या थाटात आम्ही कुकटपल्लीपलीकडचं खासगी कॉलेज पाहायला गेलो. काचेची इमारत, आत कारंजं. फी ऐकली आणि आमची श्रीमंती त्या कारंज्यापाशीच संपली. तरी यजमान घर गहाण टाकायला निघाले.

लेक म्हणाली, "बाबा, नक्को. सरकारी कॉलेजात सिव्हिल मिळतंय."

"अगं, पण तुला कॉम्प्युटर हवं होतं ना?"

"ते तुम्हाला हवं होतं. मला पूल बांधायचेत. आणि बस घरासमोरून जाते."

साहेब, आज तिचा प्रवेश पक्का झाला! घर आमचंच राहिलं! लगेच सुलतान बाजारातून ड्रॉइंगची लांब पट्टी घेतली. येताना बसमध्ये लेक ती पट्टी भाल्यासारखी धरून उभी होती आणि मी अनोळखी बायकांनाही सांगत सुटले, "इंजिनिअर होणार!" बायकांना बस फुकट आहे, आणि तिथं कुणी उत्पन्न विचारत नाही.

हे पत्र मात्र मी टाकणार नाही. आमचा आनंद पाहून आपण उत्पन्न आणखी वाढवून लिहाल.

आपल्याच शिक्क्यानं श्रीमंत,
शालन देगलूरकर
नल्लकुंटा