टॉवेल सुटतो तो सीन

१ डिसेंबर, सोमवार. सकाळ.

आजपासून नवीन शिवकुमार. जुना अक्कलकोटला आईपाशी ठेवून आलो.

मामांची अट साधी आहे. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा होईपर्यंत सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या त्यांच्या टॉवेलच्या दुकानात टिकायचं. मधेच कुठं पळायचं नाही. टिकलो तर जत्रेनंतर मामा आईशी बोलणार. माझं आणि महेश्वरीचं. शेवटी म्हणाले, पण पोरगी हो म्हटली पाहिजे बे. ते बोलायची पद्धत असते. आमच्यात मामाची पोरगी म्हणजे हक्काची.

आयटीआय सोडली, मोबाइल रिपेअरिंग सोडलं, गोव्याचं हॉटेल सोडलं. लोक त्याला धरसोड म्हणतात. अनुभव असा एका जागी बसून मिळतो का?

संकल्प: दुकान, देव, व्यायाम. मोबाइलवर फालतू काही बघायचं नाही.

२ डिसेंबर. दुपार.

व्यायाम उद्यापासून. जागा नीट बघून ठेवली आहे.

खाली दुकान, वर मामांचं घर, मागं गोडाऊन. गोडाऊन माझं. दुपारी दुकान बंद असतं, मामा वर झोपतात, मी टॉवेलच्या गठ्ठ्यांवर आडवा. महेश्वरीचा भाऊ अनिलकुमार पुण्यात कंपनीत आहे. त्यानं घरच्या टीव्हीवर सिनेमांचं ॲप घेऊन दिलंय आणि मोठ्या मनानं मलाही पासवर्ड दिला. सगळ्या घराला खातं एकच. वर नाव 'अप्पा', म्हणजे मामा.

किल्ल्यांवरचा माहितीपट शोधत होतो. बोट घसरलं आणि 'हनिमूनला सासरे' लागला.

अत्यंत घाणेरडा पिक्चर. नवरा-बायको हनिमूनला जातात, शेजारच्याच खोलीत सासरा उतरलेला, मधली भिंत प्लायवुडची. खाट वाजली की सासरा भिंत ठोकून विचारतो, पोरी, सुतार बोलावू का? एका सीनमध्ये नवरा नुसत्या टॉवेलवर बाल्कनीत अडकतो. खाली भजनी मंडळ. टॉवेल सुटतो. टाळ थांबतात. पेटीवाला तेवढा डोळे मिटून वाजवतच राहतो.

शी. हसताना गठ्ठा घसरला आणि मी खाली आलो. शेवट न बघताच बंद केला. तत्त्व म्हणून.

टीप: टॉवेल सोलापुरी असता तर सुटला नसता.

५ डिसेंबर, शुक्रवार.

परत बघितला. अभ्यास म्हणून. पुढंमागं मी समाजप्रबोधनाची रील्स करणार आहे, तेव्हा समाज काय बघतो ते माहीत पाहिजे. शेवट राहिला. मामांनी हाक मारली.

आज दुकानात बार्शीच्या एक बाई आल्या. लग्नातल्या नवरदेवासाठी मोठा टॉवेल हवा होता. मी झटकून उघडला, म्हणालो लई मजबूत आहे, आणि तो पेटीवाला आठवला. हसू फुटलं. खोकल्यावर नेलं. गल्ल्यावर महेश्वरी होती. तिनं ओढणी तोंडात कोंबली. खांदे हलत होते, डोळ्यांत पाणी.

टॉवेलचा कापूस लई उडतो. तिला ॲलर्जी असणार. संध्याकाळी मेडिकलमधून मास्क आणून दिला. तिनं मास्ककडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, वेडा आहेस का रे. प्रेमानंच म्हणाली.

९ डिसेंबर.

ॲप बिघडलंय. काल मी टॉवेलच्या सीनवर बंद केला होता. आज उघडतो तर पिक्चर पुढं गेलेला, सासरा दाढी करतो तिथं. कंपनीला तक्रार लिहायला बसलो. पिक्चरचं नाव लिहा म्हणाले. तक्रार सोडून दिली.

१० डिसेंबर.

आज मागं आलाय. बरोबर टॉवेलवर. काय कळत नाही.

व्यायाम केला नाही. मन थाऱ्यावर नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार. संध्याकाळ.

वाईट दिवस. माझी चूक नाही.

मामांनी मोहोळला पार्सल द्यायला पाठवलं. एसटीतून उतरलो तर समोर नवनाथ, गोव्याच्या हॉटेलातला दोस्त. त्याला बोकड बघायचा होता, म्हणाला तुझी नजर चांगली आहे. आहेच. बोकड बाजारात नव्हता, त्याच्या मेव्हण्याच्या शेतावर होता. मेव्हण्यानं जेवल्याशिवाय सोडलं नाही. बोकड ठीक होता. संध्याकाळी दुकानात पाय ठेवला तेव्हा बघितलं, पार्सल हातातच.

मामा म्हणाले, टॉवेल फिरवून आणलास की बे. हवा मानवली का त्यांना?

मग आवाज उतरवून म्हणाले, असल्या माणसाला पोरगी कशी देऊ सांग. तेवढ्यात महेश्वरी बोलली, अप्पा, मोहोळच्या पार्टीचा फोन आला होता, दुकान बंद आहे म्हणून. मीच याला परत बोलावलं.

असला फोन आलाच नव्हता. ती माझ्यासाठी खोटं बोलली. मुलीनं खोटं बोलू नये, हे तिला लग्नानंतर समजावून सांगीन. झोप मात्र छान लागेल.

१६ डिसेंबर.

झोप उडाली. उलगडा झाला.

ॲप बिघडलेलं नाही. दुसरं कुणीतरी तोच पिक्चर बघतंय. आणि खात्यावर नाव कुणाचं? अप्पा!

मामा. कपाळावर विभूती, तोंडात सतत देव, आणि दुपारी झोपतो म्हणून वर जाऊन हे. आज दिवसभर त्यांच्याकडं बघत होतो. इतक्या गंभीर तोंडानं टॉवेलच्या घड्या घालत होते की संशय पक्काच झाला. काय बघतोस बे, म्हणाले. काही नाही म्हणालो. मला त्यांची दया आली.

१८ डिसेंबर.

महेश्वरीनं आज विचारलं, हल्ली पिक्चर बघतोस का रे कुठला? हसायचा?

सावध झालो. म्हणालो, मी माहितीपटच बघतो. ती म्हणाली, मग टॉवेल उघडताना किल्ले आठवतात का? म्हणालो, माझा स्वभावच हसरा आहे.

बरं, म्हणाली. गेली नाही. टॉवेलची एकच घडी परत परत घालत राहिली. मग म्हणाली, अनिल गेल्यापासून घरात हसणारं कुणी नाही रे. अप्पांचं दुकान, आईची पूजा. माणसानं हसावं कुणाबरोबर?

मी सांगितलं, हसण्यापेक्षा मनःशांती मोठी.

चांगलं बोललो. पण ती हातातली घडी टाकून गल्ल्यावर गेली, आणि का कुणास ठाऊक, मला संध्याकाळपर्यंत बरं वाटलं नाही.

२५ डिसेंबर, गुरुवार.

मामांना टीव्हीवर प्रवचन लावायचं होतं. ॲप उघडलं तर स्क्रीनभर टॉवेलवाले, चोळीवाल्या, एक ओला पुजारी. वर लिहिलेलं, 'अप्पा, खास तुमच्यासाठी'.

मामी म्हणाल्या, अय्यो. मामा म्हणाले, हे कोण बे? यांना माझं नाव कुणी सांगितलं? मी मनात म्हणालो, काय अभिनय! मामींनी अनिलकुमारला फोन लावला, पुण्याला जाऊन हेच शिकलास का म्हणून. तो बिचारा, आई मी नाही, आई मी नाही. महेश्वरी ताटातल्या भाकरीचे तुकडे करत होती. खात नव्हती.

मी बोलू शकलो असतो. पण मामांचा मान होता. त्यांना चारचौघांत उघडं पाडायचं नाही. प्रेमानं वळणावर आणायचं.

२८ डिसेंबर, रविवार. दुपार.

आणलं.

सगळे जेवायला बसलेले. मी कुणाचं नाव न घेता विषय काढला. म्हणालो, लोक चोरून असले पिक्चर बघतात, त्यानं घर नासतं. मामांकडं बघितलं. मान डोलावत होते, म्हणजे बोचत असणार. मग घरातल्या स्त्रियांचा आदर्श पुढं ठेवला की माणूस लाजतो, म्हणून पुढं म्हणालो, या घरातल्या बायका तशा नाहीत हे नशीब. असलं बघून दात काढणारी बाई मी माझ्या दारात उभी करणार नाही.

मामा म्हणाले, शहाणा झालास की बे. मामींनी न मागता शेंगाचटणी वाढली, वर तेल. महेश्वरी पाणी आणायला म्हणून उठली. पाणी शेवटी मामींनीच आणलं. लाजली असणार, दारात उभी करायचा विषय निघाला ना.

इतकं बोलून डोकं जड झालं होतं. गोडाऊनमध्ये येऊन टॉवेलपर्यंत पिक्चर बघितला.

४ जानेवारी, रविवार.

यश! आठवडा झाला, पिक्चर जागचा हलला नाही. मी जिथं सोडतो तिथंच सापडतो. एका भाषणात मामा सुधारले.

महेश्वरीही बदलली. आता शिवा म्हणत नाही, शिवकुमार म्हणते. आदर वाढला. काल गिऱ्हाइकासमोर टॉवेल झटकला आणि सवयीनं गल्ल्याकडं बघितलं. पावत्या लिहीत होती. वर बघितलं नाही. ॲलर्जी गेली वाटतं.

एक कळत नाही. आज टॉवेल सुटला, टाळ थांबले, पेटीवाला वाजवत राहिला, आणि मला हसूच आलं नाही. परत मागं नेऊन लावलं. नाही आलं. पिक्चर फार वेळा बघितला की असं होत असेल.

१० जानेवारी.

सारखं कुठंतरी जावंसं वाटतंय. स्टँडवर जाऊन आलो. हैदराबादची गाडी लागलेली होती. नवनाथचा फोन होता, त्याला आता म्हैस बघायचीय. नाही म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी नाही म्हणालो. हे महेश्वरीला सांगायला गेलो. चांगलं केलंस शिवकुमार, म्हणाली, आणि गिऱ्हाइकाला सुट्टे दिले.

१६ जानेवारी, शुक्रवार.

लिहायचं नव्हतं.

टिकलो. जत्रा आली आणि मी अजून दुकानातच. अनिलकुमार पुण्याहून आलाय. आज सगळे गड्ड्यावर गेलो. मामा-मामी देवळाकडं गेले, अनिलकुमार कुठं तरी गाडी लावायला. महेश्वरी आणि मी आकाशपाळण्याच्या रांगेत. वाटलं, आता घरातलीच होणार, तिच्यापासून काय लपवायचं. म्हणालो, तुला एक सांगू, धक्का बसेल. अप्पा दुपारी चोरून 'हनिमूनला सासरे' बघायचे. मी सोडवलं.

ती हसायला लागली. दुकानात हसायची तशी, खांदे हलवून, डोळ्यांतून पाणी. मला इतकं बरं वाटलं. कित्येक दिवसांनी हसली.

मग डोळे पुसून म्हणाली, अप्पांना टीव्हीचा आवाज वाढवता येत नाही रे, पिक्चर काय लावतील. मी बघत होते.

रांग पुढं सरकली. मागचा म्हणाला, चला की ओ पाव्हणं.

मी म्हणालो, मग आपण दोघंही सारखेच की. मीपण बघायचो. ती म्हणाली, माहीत होतं. रोज कुठं थांबतोस तेही माहीत होतं. दुकानात टॉवेल झटकलास की दोघांना एकदमच हसू यायचं. मला वाटायचं, याला काही धरवत नाही, पार्सल घेऊन बोकड बघत फिरतो, पण याच्याबरोबर जन्म हसण्यात जाईल. आईला सांगणार होते मी, हो म्हणून.

मी म्हणालो, मग सांग की.

ती म्हणाली, असलं बघून दात काढणारी दारात उभी करणार नाहीस ना? मग तुझ्या दारात कशाला येऊ?

मी म्हणालो, ते तुला नव्हतं, ते मामांना होतं. ती म्हणाली, पण बाई म्हणालास. आणि जेवून खाली जाऊन काय केलंस? टॉवेलपर्यंत बघितलास. मी संध्याकाळी उघडून बघितलं होतं.

माझ्या तोंडातून निघालं, शेवटी होतं काय त्या पिक्चरमध्ये? मी बघितलाच नाही.

ती हसली नाही. म्हणाली, एक तरी गोष्ट शेवटपर्यंत बघ की रे.

पाळण्यात ती एकटीच बसली. वर गेल्यावर दिसेना.

१९ जानेवारी, सोमवार. दुपार.

मामा म्हणाले, पोरगी नको म्हणते. कारण सांगत नाही. तू तर टिकलास, माझी हरकत नव्हती बे. आता जातोस का राहतोस? कामाला चांगला आहेस. माझ्याबद्दल वाईट वाटलेलं त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. मला त्यांच्याकडं बघवेना. मी मान हलवली. जातो म्हणून की राहतो म्हणून, मलाच माहीत नाही.

दुपारी दुकान बंद झालं. गठ्ठ्यावर आडवा झालो. ठरवलं, आज शेवट बघायचाच. मधे काही आलं तरी थांबायचं नाही. तिला जाऊन सांगायचं, बघितला.

ॲप उघडलं. अनिलकुमारनं काल पुण्याला जाण्याआधी सगळ्यांची खाती वेगळी केलीत, घरात परत भांडण नको म्हणून. एक 'अप्पा'. एक 'आई'. एक 'महेश्वरी', त्याला कुलूप. शेवटी एक 'शिवा', वर अस्वलाचं चित्र. माझ्या नावाचं वेगळं खातं. शिवा वाचून उठून बसलो.

'हनिमूनला सासरे' शोधलं. सापडेना. परत शोधलं. मग अस्वलाखालची बारीक अक्षरं वाचली. लहान मुलांसाठी.

अस्वलाचंच लावलं. ते मध शोधत निघतं. वाटेत फुलपाखरू दिसतं, त्याच्या मागं जातं. मग नदी लागते. बरं होतं.

मध सापडला की नाही, कळलं नाही. झोप लागली.