अळ्यांची पंगत

आई, काल सरकी लावून झाली. कडेच्या ओळींसकट. तुला आधी तेच सांगायला हवं.

अळी मारणाऱ्या बीटी कपाशीच्या पिशवीसोबत साध्या सरकीचं छोटं पाकीट यायचं. मोताळ्याहून पिशवी आणली की लोक ते पाकीट उकिरड्यावर फेकायचे, तू मात्र आतला कागद दारातल्या उजेडात धरून वाचायचीस. शेताच्या चारी कडांना हे साधं बी लावा, अळीला खायला थोड्या ओळी राहू द्या, नाहीतर ती बीटीवरही जगायला शिकेल, असं त्यात लिहिलेलं असायचं. सांगितलंय ना, मग करायचं, असा तुझा सरळ हिशेब. त्या ओळींच्या बोंडांची चाळणी व्हायची. शेजारचे काका मधल्या बांधावरून, धुऱ्यावरून हसायचे, "वहिनी, अळ्याईले पंगत वाढून राह्यल्या काय?" तू वाकल्या वाकल्याच म्हणायचीस, "हाव भाऊजी, तुमीबी वाढा. माह्या एकटीची पंगत पुरत नाही."

मला लाज वाटायची. एका रविवारी चर्चमधल्या उपासनेहून परतताना मी चिडून विचारलंच, अख्ख्या शिवारात कोणी लावत नाही, मग आपणच काऊन? चपला हातात घेऊन तू चिखल तुडवत होतीस, थांबली नाहीस. "पोरी, प्रभू येईन तवा मले माह्या धुऱ्याच्या आतलंच विचारन. अन् तो येनार हाय, हे पक्कं हाय. म्हनून तं जमते. नाही तं मीबी कंटाळलीच असती." तूही कंटाळू शकतेस, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

तू गेलीस, मी लावत राहिले, आणि गेल्या वर्षी गुलाबी अळी आलीच. कुठलंही बोंड फोडावं तर आत ती. सगळ्यांच्या शेतात, आपल्याही. आई, मी तुझ्यावर फार रागावले. इतकी वर्षं ऐकून वागलो, त्याचं काय झालं? कित्येक रविवार मी उपासनेत नुसती ओठ हलवत उभी होते.

यंदा मृगात तुझ्या जावयांनी पाकीट पाहिलं आणि म्हणाले, "अळी आता बीटीलेच जुमानत नाही. हे कायले लावून राह्यली?" तरी मी खाली बसून पहिली ओळ धरली. ते धुऱ्यावर बसून बराच वेळ पुटपुटत होते. नंतर मान वर करून पाहते तर ओळीच्या पलीकडच्या टोकाकडून तेही लावत येत होते. "आटप लवकर, ऊन तापलं," एवढंच म्हणाले. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

मंडळीतल्या बाया म्हणतात, हिचा विश्वास आईसारखाच. तसं नाहीये. तू प्रभूची वाट पाहत त्याचं ऐकायचीस. मी ऐकते, कारण तो येईल तेव्हा त्याच्या मागून तू येशील, अशी मला आशा आहे. हे पाळकसाहेबांना सांगायची माझी हिंमत नाही, आणि हे पत्र तरी कुठे टाकणार? तू त्याच्याजवळच आहेस. एवढ्याशा विश्वासावर चालतं का, ते त्याला तूच विचार.