हत्यारांसाठी योग्य माणूस

४ मार्च. डॉक्टर म्हणाले, हात थरथरतो, धारेची हत्यारं बंद. ठीक आहे. सुतारकामाचा छंद बत्तीस वर्षं केला, आता पुरे. बाल्कनीतल्या कपाटात सात रंधे, अकरा पटाशा, तीन करवती, एक ड्रिल. माझ्या मागे भांडणं नकोत, म्हणून वाटणी मीच करणार. आठवड्यात उरकतो.

५ मार्च. बायको म्हणाली, भंगारवाल्याला बोलावू का? दिवसभर तिच्याशी अबोला धरला. तिच्या लक्षात आलं नसावं.

९ मार्च. मुलीला फोन केला. म्हटलं, सगळं तुलाच. सगळं? असं तिने दोनदा विचारलं. गहिवरली असणार. मग म्हणाली, बाबा, इथे पाय ठेवायला जागा नाही. फोटो पाठवा, तो जपून ठेवीन.
फोटो हलला.

१३ मार्च, सकाळी. घरच्यांना कदर नसते. खालच्या मजल्यावरचे मास्तर योग्य. आज त्यांचं भाग्य उजळणार.
संध्याकाळी. मास्तरांनी उलट मलाच विचारलं, त्यांचे मासे पकडायचे चार गळ मी घेईन का. विचार करून सांगतो म्हणालो. तेही तेच म्हणाले.

२० मार्च. घाई नको. आधी व्यवस्थित यादी टाईप करायची. आज पाठ धरली आहे.

२ एप्रिल. स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार निखळलं. मी बसवणारच होतो, तेवढ्यात बायकोने सुताराला बोलावलं. माणूस कामाचा वाटला. त्याला माझा खजिना दाखवला. एकेक रंधा उलटून पाहत म्हणाला, काका, चार रंध्यांचा तर कंपनीचा कागदही निघालेला नाही. म्हटलं, मी जपून वापरतो. मग म्हणाला, नेऊ का? मला रोज लागतील.
महिन्याभरात पहिल्यांदा कुणी हो म्हणालं, आणि मी रंधे परत कपाटात ठेवू लागलो. शेवटी मान हलवली.

३ एप्रिल. नेलं सगळं. मला वाटलं होतं टेम्पो लागेल. दोन फेऱ्यांत झालं.
निघताना त्याने विचारलं, काका, तुम्ही केलेली एखादी वस्तू दाखवा ना. मी चष्मा शोधू लागलो. तो डोळ्यांवरच होता. एक स्टूल अर्धं झालं होतं, ते कुठे गेलं आठवेना. आतून बायको म्हणाली, एकही उरली नाही हो, लोकांनी मागून मागून नेल्या.
तो गेला. तिने रिकामं कपाट पुसायला घेतलं. मीही एक फडकं घेतलं.