माझ्या खोलीतले दोन खडे

तीर्थरूप आईस,
लांबूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. तुझे गुडघे काय म्हणतात? बाबा गोळ्या घेतात की नुसतं ‘हो हो’ म्हणतात?

शाळा एकदाची मार्गी लागली. इथे गाव हेच पुस्तक. गवंडी मोजमाप शिकवतो, कुंभारकाका मातीकाम. माझा नियम एकच: स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असेल तेवढंच मांडायचं.

या आठवड्यात मुलांनी वर्गाच्या जमिनीवर मातीचं अख्खं गाव उभं केलं. घरात जितकी माणसं, तितके खडे. माझ्या खोलीत दोन खडे होते. मी हसून एक उचलला. दुसऱ्या दिवशी परत दोन!

“अरे, मी एकटीच राहते ना?” मी म्हटलं. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. कुंभारकाका मान खाली घालून म्हणाले, “बाई, नियम तुमचाच आहे. त्यांनी पाहिलं, तेच मांडलं.”

सगळ्यात लहान मुलगी म्हणाली, “तुम्ही शाळेत आलात की ती खिडकीत बसते. तुमची वाट बघते.”

पोरंच ती, काहीही बोलतात. तू मनावर घेऊ नकोस. मागच्या पत्रात विचारलं होतंस ना, सोबतीला कोणी आहे का? आहे म्हणायचं.

शाळा सुटून दोन तास झाले. हे पत्र मी वर्गातच बसून लिहितेय. इथून माझी खिडकी दिसते, म्हणून तिच्याकडे पाठ करून बसलेय.

तुझीच,
धाकटी