सिंधूचा घट

लातूर, घटाची सातवी माळ

तीर्थरूप मायला गुणाचा नमस्कार.

आम्ही मजेत हाव. जिल्हा नवा झाला अन् यांना कचेरीत शिपायाचं काम लागलं. ऊन मात्र आश्विनातबी वैशाखासारखंच. ज्वारी पेरायपुरती तरी ओल हाय का रानात? विहिरीला पाणी?

काल लिंबादादा बाजाराला इथं आला तवा सांगत होता, त्याच्या बायकोनं, सिंधूनं बसवलेला घट वीतभर वाढलाय. वाढणारच. माती आपल्या मळ्याची, देवळी माझी, अन् वरून तुझं कौतुक! माझा घट कधी इतका वानला नाहीस.

इथं पत्र्याखाली माझा घट करपला. तिला सांगू नको.

दसऱ्याला दादा येईल, त्याच्याजवळ तिच्या घटातले चार कोंब दे. गल्लीत माझ्याच घटाचे म्हणून दाखवीन.

तुझी लेक गुणा
(सिंधू सून हाय, ध्यानात ठेव.)