चुलीपाशी मागितलेली आंबील

बाबूजी, तर दादा काही ऐकत नाई. काल जेवताना पुन्हा तेच झालं. मी म्हटलं, दादा, दुसऱ्यांदा भात घेऊ नोको. त्यानं वहिनीकडे पाह्यलं अन् म्हणाला, "हिले नागपूरले शिकाले धाडलं, तं ही माह्या ताटावर पोलीस होऊन वापस आली." वहिनी हसली अन् भात वाढला. मंग मीही थांबली नाई. स्टार्च म्हणजे काय, साखर रक्तात कशी चढते, माणसानं चालाले काऊन पाहिजे, इंग्रजी पुस्तकात वाचलेलं सारं एका दमात सांगून टाकलं. तो खाली मान घालून जेवत राह्यला. शेवटी हात धुताना म्हणाला, "तुह्या पुस्तकात जेवाचं काही आहे, का सारं नोकोच आहे?"

दादाले साखर निघाली, बाबूजी. तुम्हाले होती तीच. तुमच्या वेळची काचेची नळी मी जपून ठेवली होती, तिच्यातच पाह्यलं. निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकले, नळी दिव्यावर धरली, अन् औषध हिरवं झालं, मंग पिवळं, मंग भाजलेल्या विटेसारखं लाल. तुमची नळीही सुरुवातीले अशीच लाल व्हायची. तुम्ही मले जवळ बसवून रंग दाखवायचे अन् म्हणायचे, हा माह्या खाण्याचा निकाल आहे, पोरांचा वर्षातून एकदा लागते, माहा रोज लागते. दादाची नळी पाहून मात्र मले हसू आलं नाई. डॉक्टरनं त्याले साफ सांगितलं, असंच चाललं तं आधी डोळे जातीन, मंग पाय. त्याचं पोरगं अजून पाळण्यात आहे. तरी दादा म्हणते, "मले कुठी काय दुखून राह्यलं?"

त्याचं वडसा स्टेशनाजवळचं तांदळाचं दुकान तुम्ही पाह्यलं नाई. दिवसभर गादीवर बसून राह्यते. गिऱ्हाईक आलं का चहा, व्यापारी आला का चहा, गाडी उशिरा आली तरी चहा, अन् चहात साखर अशी का चमचा उभा राहावा. घरी आता मिलचा पांढरा तांदूळ शिजते. ढेकीवर कांडलेला लालसर तांदूळ ताटात दिसला तं लोक म्हणतीन दुकान बुडालं, असं वहिनीले वाटते. मी तिले दोष देत नाई. नवं लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं मोठ्या घरची सून म्हणजे पांढरा भात, असंच ऐकलं आहे.

म्हणून तुमची आठवण येऊन राह्यली. मंडईच्या दिवसाची. दिवाळी झाली का गावागावात मंडईची जत्रा भरायची, साऱ्या घरी पाहुणे, रात्री नाटक, अन् दिवसा तुमचा फेरा. गावातल्या निम्म्या लोकाले तुम्हीच शिकवलेलं, त्यामुळं कोणतंच दार सोडता येत नव्हतं. तुम्हाले साखर निघाली त्या वर्षी मी फ्रॉक घालून तुमच्या बोटाले धरून चालली होती. पहिल्याच घरी ओसरीवर सतरंजी टाकली होती, जिलेबी अन् करंज्या भरलेलं ताट आलं. तुम्ही हात जोडले अन् म्हणाले, मले डॉक्टरनं मना केलं आहे बाई. त्या बाईचं तोंड उतरलं. ताट तसंच हातात घेऊन ती उभी राह्यली. तिच्या घरवाल्यानं, तुमच्याच जुन्या विद्यार्थ्यानं, हळूच विचारलं, "गुरुजी, आता आमच्या घरचं तुम्हाले चालत नाई का?"

ते वाक्य मले अजून ऐकू येते. तुम्ही किती समजावलं, साखरेचा आजार आहे, लघवीत साखर जाते, पण जो माणूस दिसाले धडधाकट आहे त्याले गोड चालत नाई, हे त्याले खरं वाटतच नव्हतं. गुरुजी आता आपल्याले हलकं समजते, असंच त्याले वाटलं होतं. आपण बाहेर आलो. मी नागपूरच्या मामाकडून आणलेल्या हायजीनच्या पुस्तकातलं काहीतरी सांगाले लागली, तं तुम्ही म्हणाले, "चूप राय. तुह्यं पुस्तक बरोबर आहे, पण त्या बाईनं सकाळपासून कढईसमोर बसून ते केलं. पुस्तकात ती बाई नाई."

पुढच्या घरी तुम्ही सतरंजीवर बसलेच नाई. चप्पल काढली, सरळ आत गेले अन् चुलीपाशी बसले. आतल्या बाया पदर सावरत उठल्या. म्हातारी म्हणाली, "अगा गुरुजी, इथी धुपटात कायले? पाहुण्यानं बाहेर बसावं." तुम्ही म्हणाले, "बाहेर पाहुण्याले गोड मिळते. मले भूक लागली आहे. तुम्ही सकाळी काय खाल्लं ते द्या." त्या लाजल्या. आंबील होती, ज्वारीची, ताकातली, अन् भाकर, अन् जवसाची चटणी. असं गुरुजीपुढं कसं ठेवावं म्हणून म्हातारी सुनेकडं पाहे, सून म्हातारीकडं. तुम्ही वाटी स्वतःच उचलली. वाटीभर आंबील पिऊन चटणीचं बोट चाटलं अन् विचारलं, जवस कोणी भाजला, थोडा कमी भाजा. झालं. म्हातारी तुमच्याशी भांडाले लागली, माह्या सासूनं असाच भाजला, तुम्ही शाळेत पोरं भाजा. सारं घर हसलं. बाहेरच्या ताटातली जिलेबी मले मिळाली.

त्या दिवशी तुम्ही साऱ्या घरी असंच केलं. घोटभरच घेत होते, कुठी अंबाडीची भाजी, कुठी नुसतं ताक. सांजच्याले नळी उकळली तं रंग हिरव्यापुढं गेला नाई. तुम्ही मले म्हणाले, "लोकाले नाई म्हणू नोको. काहीतरी माग." पुढच्या वर्षी तं बाया तुमची वाट पाहत आंबील बाजूले काढून ठेवत होत्या, अन् ज्यायले साखर-बिखर काही नव्हती ते पाहुणेही आत डोकावून विचारत होते, गुरुजीले काय दिलं, आम्हालेही द्या. तुम्हाले पुढं तापानं नेलं, साखरेनं नाई. डोळे शेवटपर्यंत चांगले होते, मले पत्र तुम्ही स्वतःच लिहायचे. हे मी दादाले सांगते तं तो म्हणते, "बाबूजी मास्तर होते. मी दुकानदार आहो. गिऱ्हाइकाच्या चुलीपाशी जाऊन बसलो तं हसतीन."

काल हात धुताना तो जे बोलला ते मात्र डोक्यातून गेलं नाई. खरंच, मी त्याले एकही गोष्ट खायले सांगितली नव्हती. आज सकाळी मी पुस्तकातलं काही सांगितलं नाई. चुलीपाशी बसली अन् वहिनीले म्हटलं, मले आंबील करून दे, भूक लागली. तिनं कुरकुर करत ज्वारीचं पीठ काढलं. दादा दुकानात जायले निघाला होता, वास घेऊन दारात थांबला. "कोणासाठी आहे?" मी म्हटलं, माह्यासाठी. तो आत आला, उभ्यानंच माही वाटी उचलली, अर्धी प्याला अन् म्हणाला, "मीठ कमी आहे." वहिनी म्हणाली, बसा तं खरं, अजून देते. तो बसला, बाबूजी. चहा न घेता दुकानात गेला. दुपारी तिथी काय प्याला ते मले माहीत नाई, पण वहिनीनं उद्यासाठी पीठ आजच भिजवून ठेवलं.

तुमचे उपकार मानायचे म्हणून हे लिहाले बसली. हे पत्र कुठी टाकणार, ते मलेही ठाऊक नाई, बहुतेक माह्या पेटीतच पडून राहीन. पण एक गोष्ट तुम्हालेच सांगता येते. मले आंबील आवडत नाई. तेव्हाही नव्हती आवडत, आजही नाक दाबून प्याली. अन् आता दादासाठी रोज मागून प्यावी लागीन असं दिसते. त्याले खरं सांगून टाकू, का तशीच पीत राहू? तुम्हाले काय वाटते?