घरातल्या भांडणाचा हक्क

प्रिय नाना,

तुम्ही गेलात त्याबद्दल नंतर बोलू. आधी तक्रार. माझी तपकिरीची डबी तुमच्या कोटाच्या खिशात राहिली आणि तुमच्याबरोबर पुरली गेली. आमच्यात निदान राखेत तरी सापडली असती.

लिहायला बसलो तो मात्र रागाने. तुमच्या जागी आलेल्या नव्या उपदेशकाने दफनाच्या वेळी काय केलं, ठाऊक आहे? मी मूठभर माती टाकायला पुढे झालो, तर त्याने शुभवर्तमान उघडलं आणि येशूने परूश्यांना, म्हणजे यहुद्यांमधल्या कर्मठ धर्मपंडितांना, सुनावलेले शब्द माझ्याकडे बघत वाचले. ढोंगी, आंधळे, चुना फासलेल्या कबरी. वर म्हणाला, "ते यहुदी असलेच होते. आजचे शेंडीवालेही तसलेच." माझी मूठ मिटलेलीच राहिली. अक्कांना स्वतःच्या नवऱ्याच्या दफनाला मान खाली घालावी लागली.

धुळ्याला तुमच्या ओट्यावर याच अध्यायावरून आपण किती भांडलो! मी म्हणायचो, "तुमचा प्रभू फार शिवराळ बुवा." तुम्ही हसायचात. "हाऊ घरना झगडा शे, शास्त्रीबुवा." येशू स्वतः यहुदी, परूश्यांच्या पंगतीला जेवणारा, त्यांच्याशीच वाद घालणारा. आपल्या माणसांवर तो हक्काने चिडला. तेच शब्द परक्याने उचलले की त्यांचे दगड होतात, असं तुमचं म्हणणं. मला एवढं शिकवलंत, मग त्याला का नाही?

आता माझा सूड ऐका. रविवारी तुमच्या स्मरणसभेत अक्कांनी मला बोलायला सांगितलंय. त्याच अध्यायात पुढच्या आसनाचा आणि बाजारातल्या नमस्कारांचा सोस असणाऱ्यांनाही झोडपलं आहे. हा गृहस्थ धुळ्याच्या बाजारात नमस्कार गोळा करत हिंडतो. तेवढाच भाग वाचणार आहे, सावकाश, पहिल्या रांगेत बसलेल्या त्याच्याकडे बघत. पाठही झालाय. संध्या कधी इतक्या मनोभावे केली नव्हती.

तुम्ही असतात तर माझं उपरणं ओढून विचारलं असतंत, "मग तुमच्यात नि त्याच्यात फरक काय?" माझे उच्चार शुद्ध आहेत, एवढाच.

बरं, वचन देतो. वाचण्याआधी तुमचा अर्थ सभेला सांगेन, की बोलणारा त्याच घरचा होता. पण तो सांगितल्यावर पुढचं वाचायचा हक्क माझ्यासारख्या परक्याला तरी उरतो का? त्या घरात मी तुमच्यामुळे यायचो, भांडायलासुद्धा. तिथे मला घरचा म्हणणारं आता कोणी आहे की नाही, खरी काळजी तेवढीच आहे.

तुमचा,
शास्त्रीबुवा